सागरी संवर्धनाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांनी मच्छीमारांना नेमकं काय विचारावं?

सगळ्यात आधी, कोणता मासा अंडी घालायला कधी आणि कुठे जमतो हे विचारा. मासेमारी कुठे आणि किती दिवस थांबवायची हे बरंचसं त्यावरच ठरतं. हे पुस्तकात सापडेलच असं नाही. रॉबर्ट जोहान्स या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवरच्या मच्छीमारांसोबत काम केलं, तेव्हा चंद्राच्या कलांनुसार मासे कधी जमतात हे त्या मच्छीमारांना तोंडपाठ होतं, आणि त्यातलं कितीतरी विज्ञानात नोंदलेलंच नव्हतं! मात्र ‘पूर्वी मासे किती मिळायचे?’ याचं उत्तर एकाच माणसाकडून घेऊ नका. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्रच मूळचा समजते (मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये हे मांडलं), म्हणून आजोबांना आणि नातवाला वेगवेगळं विचारा.