नैसर्गिक घटक त्वचेवर काम करतात का? बावचीची एक बी पुरेसं सांगते

तुम्ही विचारलंय की नैसर्गिक घटकांची क्रीम आणि सीरम खरंच काम करतात, की नुसता नावाचा गाजावाजा आहे. सोबत लिहिलंय की तुम्ही चोपड्याच्या आहात, त्वचा कोरडी आहे, गालांवर वांगाचे डाग आलेत. सासूबाई हळद-बेसन आणि लिंबू लावायला सांगतात आणि मैत्रीण केशर-कोरफडीची एक डबी घे म्हणून मागे लागलीय.

मी फार्मसी शिकले, काही वर्षं क्रीम-लोशनच्या कारखान्यात तपासणी विभागात काम केलं आणि आता अमळनेरला मेडिकल चालवते. त्वचेची डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या डागांचं निदान मी करणार नाही. पण डबीत काय असतं आणि ते त्वचेवर काय करतं, हे सांगू शकते.

काही नैसर्गिक घटक उत्तम काम करतात, बरेचसे जेमतेम करतात आणि काही चक्क भाजून काढतात. वस्तू झाडाची आहे की कारखान्यातली, यावरून यातलं काहीच कळत नाही. त्यात नेमकं द्रव्य कोणतं, किती टक्के आणि ते त्वचेत शिरतं का, हे बघावं लागतं.

बावचीचंच घ्या. आपल्याकडे काष्ठौषधीच्या कुठल्याही दुकानात या काळ्या बिया मिळतात आणि कोडाच्या पांढऱ्या डागांवर त्यांचा वापर पिढ्यानपिढ्या चालत आलाय. त्यांच्यात सोरालेन नावाचं द्रव्य असतं. 1933 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच ते या बियांमधून वेगळं काढलं. सोरालेन शरीरात किंवा त्वचेवर असताना अतिनील किरण पडले की रंग तयार करणाऱ्या पेशी जाग्या होतात. याच तत्त्वावर 1970 च्या दशकात ‘पुवा’ ही उपचारपद्धत उभी राहिली आणि ती जगभर वापरली गेली. म्हणजे बावची काम करते, यात शंका नाही. पण बावचीचं तेल अंदाजाने चोळून आपल्या वैशाखातल्या उन्हात गेलात, तर पाण्याने भरलेले फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. पुवा देताना डॉक्टर किरणांची मात्रा मोजून देतात, ती याचसाठी.

आता त्याच बीतलं दुसरं द्रव्य, बाकुचिओल. सध्या महागड्या सीरमच्या बाटल्यांवर हे नाव दिसतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 44 जणांना 12 आठवडे एकतर 0.5 टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा किंवा 0.5 टक्के रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी वापरलं जाणारं व्हिटॅमिन ए) दिवसातून एकदा लावायला दिलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे जवळपास सारखेच कमी झाले आणि रेटिनॉलवाल्यांना खवले आणि चुणचुण जास्त झाली. माणसं थोडी होती, तेव्हा यावर डोळे मिटून विसंबू नये, पण दखल घ्यावी असा तो अभ्यास आहे.

एकाच बीत चेहऱ्याला उपयोगी पडणारं द्रव्य आहे आणि उन्हात चेहरा जाळणारंही आहे. चांगल्या सीरममध्ये बाकुचिओल शुद्ध करून, सोरालेन काढून टाकून घातलेलं असतं. घरी बी वाटून लावली तर दोन्ही एकदम लागतात. म्हणून ‘अगदी नैसर्गिक, काहीच प्रक्रिया केलेली नाही’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, की मला काळजी वाटते.

सातपुड्यात बिब्याची झाडं आहेत. बिबा उतणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. त्या फळाच्या गोडंब्या आपण डिंकाच्या लाडवात घालतो आणि त्याच फळाच्या सालीतलं तेल अंगाला लागलं की कातडी सोलवटून निघते. यात कुठलंच रसायन बाहेरून घातलेलं नसतं.

आता हळद. हळदीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं. प्रयोगशाळेत ते सूज कमी करतं, जंतूंना रोखतं, हे खरं आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात लवकर विघटित होतं. बेसनात चमचाभर हळद कालवून पंधरा मिनिटांनी धुतली, तर त्वचेत जाणारं कुर्क्युमिन नगण्य. बेसनाने मृत कातडी आणि तेल निघतं, हळदीचा पिवळा रंग वर बसतो आणि चेहरा त्या संध्याकाळी उजळ दिसतो. लग्नातल्या हळदीला माझा काडीचाही विरोध नाही. पण वांग हळदीने जाणार नाही आणि कोरडी त्वचा बेसनाने आणखी कोरडी होईल. हळदीची ॲलर्जी असणारी माणसंही असतात, हे लक्षात असू द्या.

हळदीवर बोललं की कुणीतरी पेटंटचा दाखला देतंच. 1995 मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं आणि आपल्या सीएसआयआरने (सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने) लढून 1997 मध्ये ते रद्द करवलं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ते रद्द झालं ते ‘यात नवीन काही नाही, भारतात हे आधीपासून माहीत आहे’ या मुद्द्यावर. चेहऱ्यावरचे डाग हळदीने जातात की नाही, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

लिंबू मात्र चेहऱ्याला अजिबात लावू नका. यावर मी दुकानात रोज कुणाशी तरी वाद घालते. त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास; हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. व्हिटॅमिन सी म्हणाल, तर 100 मिली रसात जेमतेम 40-50 मिलिग्रॅम, म्हणजे 0.05 टक्के. सीरममध्ये ते 10 ते 20 टक्के असतं. शिवाय लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, सोरालेनच्याच कुळातली द्रव्यं असतात. लिंबू चोळून दुपारी स्कूटीवर बाजारात गेलात, तर ज्या डागांसाठी लावलं ते आणखी गडद होतील.

केळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याचा फेसपॅक कुणी सुचवला नाही असं होणार नाही. त्यातल्या पाण्याने आणि साखरेने चेहरा तासाभरापुरता मऊ लागतो, बास. साल घासून डाग जातात याला आधार नाही.

एक गोष्ट समजून घेतली तर निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात. त्वचेचा सगळ्यात वरचा थर आत काही येऊ नये म्हणूनच असतो. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू त्यातून सहज जात नाही. कोलॅजनचा रेणू तीन लाख डाल्टनच्या घरात असतो. तेव्हा कोलॅजनचं क्रीम लावून त्वचेतलं कोलॅजन वाढेल, ही आशा सोडून द्या. ते वर बसून ओलावा धरेल, तेवढंच.

मैत्रिणीच्या डबीकडे येऊ. डबी उलटी करून घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार (2020) एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कुठल्याही क्रमाने. केशर आणि कोरफड जर प्रिझर्वेटिव्ह आणि सुगंधाच्या आसपास, शेवटी-शेवटी दिसली, तर ती एक टक्क्याच्या आतली आहेत असं समजायला हरकत नाही. चांगलं केशर ग्रॅमला काहीशे रुपये पडतं. अडीचशे-तीनशेच्या डबीत ते किती असणार, याचा हिशेब तुम्हीच करा. कारखान्यात असताना मी पाहिलंय, क्रीमचं खरं काम पाणी, ग्लिसरीन, तेल आणि मेणासारखे पदार्थ करतात. डबीवर फोटो मात्र फुलाचा असतो.

कोरफड घरच्या कुंडीतली असेल तर पान कापून थोडा वेळ उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या, मग धुऊन आतला गर घ्या. तो पिवळा चीक खाज आणतो. गर जवळपास 99 टक्के पाणीच असतो. उन्हाने तापलेल्या त्वचेला त्याने थंडावा मिळतो, पण तो डाग घालवत नाही. वाटून ठेवलेला गर दोन दिवसांत नासतो. प्रिझर्वेटिव्ह नाही म्हणजे शुद्ध, असा समज आहे, पण पाणी असलेल्या वस्तूत प्रिझर्वेटिव्ह नसेल तर तिथे जंतू वाढतात आणि आपण तेच चेहऱ्यावर चोळतो.

मग निसर्गातलं चांगलं काय? खोबरेल तेल. कोरड्या त्वचेवर त्याचा नीट अभ्यास झालाय आणि ते कामाचं आहे. फक्त पुटकुळ्या येत असतील तर चेहऱ्याला नको. नंदुरबारकडे सातपुड्यातली आदिवासी कुटुंबं मोहाच्या बियांचं तेल खायला आणि अंगाला दोन्हीला वापरतात. थंडीत ते गोठतं, टाचांच्या भेगांवर छान बसतं आणि ओलावा आत धरून ठेवतं. ओट्सच्या बारीक पिठाला अमेरिकेच्या एफडीएने 2003 मध्ये त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली, खाजऱ्या त्वचेला ते खरंच शांत करतं. मुरमांवर 5 टक्के टी ट्री ऑइल आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरमांवरचं नेहमीचं औषध) यांची तुलना 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 जणांवर झाली होती. टी ट्री ऑइलने गुण सावकाश आला, पण आला, आणि त्रास कमी झाला. हेच तेल पातळ न करता थेट लावलं तर त्वचा लाल होते.

तुमच्या कोरडेपणाचं कारण बरंचसं आपल्या हवेत आहे. उन्हाळ्यात 44-45 अंश, कोरड्या झळा, आणि हिवाळ्यात धुळ्याकडे पारा एक आकडी. मुंबईच्या दमट हवेत नुसतं ग्लिसरीन चालून जातं, आपल्याकडे त्यावर तेलकट थर हवाच. अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. हातापायांना खोबरेल चालेल, टाचांना 10-20 टक्के युरियाचं क्रीम. युरिया हे नाव ऐकून बायका दचकतात, कारण शेतात टाकतात तेच आठवतं. पण युरिया आपल्या त्वचेत मुळातच असतो आणि ओलावा धरून ठेवतो. क्रीममधला मात्र कारखान्यात तयार झालेला असतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

वांगासाठी ऊन टाळणं हेच निम्मं औषध आहे. एसपीएफ 30 किंवा जास्त, शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे हलक्या रंगाचं सनस्क्रीन घ्या, कारण वांग साध्या उजेडानेही गडद होतो. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा, वरून स्कार्फ असू द्या. कुठल्याही बियांचं तेल सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही. त्यानंतर डॉक्टरांना ॲझेलेइक ॲसिडबद्दल विचारा. हे द्रव्य गव्हात आणि बार्लीत सापडतं, ट्यूबमधलं कारखान्यात बनतं, आणि वांगावर त्याचा पुरावा चांगला आहे. ज्येष्ठमधाच्या अर्काचाही थोडा उपयोग दिसलाय. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. दिवस गेलेले असतील किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, दोन्हींमुळे वांग येतो.

नवीन काहीही आणलं, झाडाचं असो की नसो, तर आधी आठवडाभर हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लांबलचक लिहायला बसले ते. ‘आठ दिनमा फरक पडी जास’ असं सांगून पार्लरमध्ये किंवा बाजारात विकली जाणारी, यादी नसलेली ‘हर्बल’ डबी कृपा करून घेऊ नका. हळद, केशर, ज्येष्ठमध यांपैकी कुणालाही आठ दिवसांत वांग उजळवता येत नाही. इतक्या लवकर चेहरा गोरा झाला तर आत स्टेरॉइड किंवा पारा असण्याची शक्यता मोठी. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, तोंडावर केस आणि मुरूम येतात आणि क्रीम बंद केलं की चेहरा पेटतो. म्हणूनच 2018 मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. पाऱ्याचं तर त्याहून वाईट. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबातल्या तिघींची मूत्रपिंडं एका स्थानिक क्रीमने बिघडल्याची बातमी आली होती. त्या क्रीममध्ये पारा सापडला होता. अकोला आपल्यापासून किती लांब आहे?

तुम्ही किंवा घरातल्या कुणी असं काही आधीच वापरत असाल तर डबी फेकू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती सोबत न्या आणि किती दिवसांपासून लावताय ते सांगा. स्टेरॉइडचं क्रीम असेल तर ते कसं बंद करायचं हे तेच ठरवतील. पाऱ्याचा संशय असेल तर ते लगेच थांबवून लघवीची तपासणी करायला सांगतील, आणि मग ती डबी वापरणाऱ्या घरातल्या प्रत्येकीची तपासणी करून घ्या.