सोलरमध्ये संशोधन करायचंय, मग ब्रँच कोणती?

सावळजच्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आहे. मुलगी अकरावी सायन्सला. उन्हावर इमारती गार करायच्या आणि खारं पाणी गोडं करायचं, यात संशोधन करणार म्हणते. मेहुणे म्हणतात, सोलर म्हणजे पत्र्यावर पॅनेल ठोकायचं काम, पोरीला कॉम्प्युटरला घाला. एका खासगी कॉलेजात 'रिन्यूएबल एनर्जी' ब्रँच निघालीय, ती घ्यावी का, असं वडील विचारतात.

स. न. वि. वि.

त्या ब्रँचची घाई नको. नाव झकास आहे, पण मुलीच्या डोक्यात जे आहे ते निम्मं थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णतेचं शास्त्र, आणि निम्मं केमिस्ट्री. त्याचा पाया मेकॅनिकल किंवा केमिकलमध्ये पक्का होतो. मेकॅनिकलसाठी सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय कॉलेज जवळ आहे. केमिकलसाठी मुंबईच्या आयसीटीवर, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीवर, नजर ठेवा.

मेहुण्यांना हेही सांगा, की पॅनेलशिवायही उन्हातून गारवा काढता येतो. हवा काढून घेतलेल्या टाकीत पाणी पाच-सहा अंशांलाच उकळतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या नळ्यांमधून ओढून घेतं. नळ्यांतलं पाणी गार होतं, ते इमारतीत फिरवायचं. टाकीतली वाफ लिथियम ब्रोमाइड या क्षाराचं द्रावण शोषून घेतं. ते पातळ झालं की उन्हावर ८०-९० अंशांपर्यंत तापवलेल्या पाण्याच्या उष्णतेनं त्यातलं पाणी पुन्हा उडवायचं. वाफ शोषणारे असे चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रं, पुण्याची थरमॅक्स कंपनी बनवते. तुमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजपेक्षाही थंड, शून्याखाली जायचं असेल, तर अमोनिया आणि पाण्याची जोडी लागते.

मेख अशी, की या यंत्रात एक युनिट उष्णता घातली तर साधारण ०.७ युनिट गारवा मिळतो. विजेचा एसी एका युनिटात तीनच्या आसपास देतो. पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं, तरी ते स्वस्त झाल्यापासून घरापुरता हिशेब त्याच्याच बाजूनं आहे. या विषयात उतरणाऱ्यानं हे आधीच माहीत करून घ्यावं.

पाण्याचं गणित त्याहून कडक. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट उष्णता लागते. कडक उन्हाळ्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सहाएक युनिट ऊन पडतं. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तरी नऊ-दहा लिटर, आणि प्रत्यक्षात उन्हात पाण्याची वाफ करून ती काचेवर थेंबांत गोळा करणाऱ्या साध्या पेटीतून तीन-चार. चिलीत १८७२ साली अशाच काचेच्या पेट्यांचा मोठा कारखाना उभा राहिला होता, तेव्हापासूनची ही अडचण. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता पुन्हा वापरायची कशी, यावर सगळं संशोधन अडलंय. पॅनेलच्या विजेवर आरओ, म्हणजे दाबानं पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र, चालवणं फार कमी विजेत होतं, पण त्याचं उरलेलं खारट पाणी सोडायचं कुठं? क्षारपड जमीन बघितलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

पुढची वाट लांब आहे. चार वर्षं इंजिनिअरिंग, मग गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या एनर्जी विभागात एमटेक, तिथं महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. पीएचडीला पहिली दोन वर्षं ३७,००० आणि नंतर ४२,०००. पाण्याचंच धरून बसली तर भावनगरची सीएसएमसीआरआय ही केंद्र सरकारची संशोधन संस्था बघा, समुद्राचं मीठ आणि पाणी गाळण्याचे पडदे यांवर तिथं काम चालतं. संशोधनाच्या कायम जागा मोजक्याच, हे लपवत नाही. पण उष्णतेचा हिशेब येणाऱ्याला डेअरी, औषध कारखाने, कोल्ड स्टोरेज यांत काम मिळतं, म्हणून मला फारशी काळजी वाटत नाही.

सध्या एवढंच करा. मे महिन्यात तिला काळा ट्रे, वर तिरकी काच आणि बोअरचं पाणी घेऊन अशी पेटी करू द्या. दर तासाला किती पाणी निघालं ते वजन करून लिहायचं, पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरनं बोअरचं आणि पेटीतून निघालेलं, दोन्ही पाणी तपासायचं. ऊन उतरल्यावरही थेंब का पडत राहतात, हे तिनं स्वतः खोदून काढलं, तर मेहुण्यांशी मी बोलतो. आणि ती पेटी विज्ञान प्रदर्शनाला नेऊ नका, तिथं नुसती रंगरंगोटी बघतात. वही मात्र मला पाठवा.