तुरटी टाकूनही डाइंगच्या सांडपाण्याचा रंग का जात नाही?

तुमचं सुती कापड रिॲक्टिव्ह रंगांत रंगत असणार, आणि हे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात. तुरटी तरंगणारे बारीक कण एकत्र आणून खाली बसवते. म्हणून पॉलिस्टरच्या डिस्पर्स रंगांवर (ते पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कण होऊन तरंगतात) ती छान चालते, पण रिॲक्टिव्हवर नाही. बीकरमध्ये करून बघा: गाळ तळाशी बसेल, वरचं पाणी लालच्या लालच राहील. डोस वाढवलात तर फक्त गाळ वाढेल.

ब्लीचिंग पावडर टाकून रंग घालवू नका, ही कळकळीची विनंती. रंग जातो, पण क्लोरीनयुक्त विषारी पदार्थ मागे राहतात.

बरेचसे रिॲक्टिव्ह रंग ॲझो प्रकारचे असतात, म्हणजे त्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्यांच्यासाठी आधी हवेविना जिवाणूंची टाकी हवी. तिथे हा बंध तुटतो आणि रंग उडतो. पण त्यातून ॲरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं तयार होतात, काही कॅन्सरला कारण ठरणारी. त्यामुळे पुढे हवा दिलेली टाकी लागतेच. उरलेल्या रंगाला ओझोन किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बन.

आणि मीठ? रिॲक्टिव्ह रंग कापडाला धरावा म्हणून ते घालतात; गडद शेडला रंगाच्या पाण्यात लिटरमागे 60-80 ग्रॅम पडतं, ते यातल्या कशानेच जात नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये नोय्यल नदी याच पाण्याने खारट झाली, शेती गेली. 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली डाइंग युनिटं बंद करायला लावली. आता तिथे आरओ आणि बाष्पीभवन करून पाणी व मीठ पुन्हा वापरतात. वीज भरपूर लागते, पण नदीकाठी युनिट असेल तर मला दुसरा प्रामाणिक मार्ग दिसत नाही.