सिगविनवर जुनं युनिक्स सॉफ्टवेअर सोर्सवरून कंपाइल करताना कॉन्फिगरच अडकतं, काय करू?

तुम्ही लिहिलंय की लिनक्सवर दोन मिनिटांत होणारं बिल्ड (सोर्सवरून प्रोग्राम तयार करणं) सिगविनवर, म्हणजे विंडोजवर युनिक्सचे प्रोग्राम चालवायच्या सोयीवर, कॉन्फिगरलाच, म्हणजे आधी सिस्टीम तपासणाऱ्या स्क्रिप्टलाच थांबतं, आणि नाही थांबलं तर अर्धा तास घेतं. मी इथं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिझाइन सेक्शनला आहे, आमचे सगळे पीसी विंडोजचेच, त्यामुळं या सगळ्यातून मी गेलोय.

आधी वेळ का लागतो ते बघा. युनिक्समध्ये फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची जशीच्या तशी कॉपी, ती कर्नल (सिस्टीमचा गाभा) झटकन करून देतो, पण विंडोजच्या नेहमीच्या प्रोग्रामना असा कॉलच नाही, म्हणून सिगविनची डीएलएल (प्रोग्राम वापरतात ती सामायिक कोडची फाइल) नवी प्रोसेस उघडून जुनीची मेमरी तिच्यात ओतते, आणि कॉन्फिगर तर नुसतं बारीकसारीक प्रोग्राम चालवतच बसतं, मग लई वेळ जाणारच की ओ. त्यात अँटीव्हायरस प्रत्येक नवी ईएक्सई तपासतो, ते फोल्डर त्यातून वगळा, फरक लगेच कळतो. फोर्क फेल असा एरर आला तर सिगविनच्या सगळ्या विंडो बंद करून सेटअप परत चालवा, तो शेवटी डीएलएलचे मेमरीतले पत्ते नीट लावतो.

आता अडकण्याचं. बिल्ड टाइप ओळखता येत नाही असं म्हणत असेल तर पॅकेजमधल्या कॉन्फिग-गेस आणि कॉन्फिग-सब या सिस्टीम ओळखणाऱ्या दोन फाइल जुन्या आहेत, सिगविनच्या ऑटोमेक पॅकेजबरोबर नव्या येतात, त्या कॉपी करून वर टाका. खूप जुन्या सोर्सवर ऑटोरीकॉन्फ (कॉन्फिगर नव्यानं तयार करणारी कमांड) मी तरी चालवत नाही, त्यानं दुसरंच काहीतरी बिघडतं. आणि बॅकस्लॅश-आर कमांड नॉट फाउंड असं दिसलं तर ओळींचे शेवट विंडोजचे झालेत, बहुतेक विंडोजच्या गिटनं (सोर्स उतरवून घ्यायच्या प्रोग्रामनं) क्लोन केलं असेल. डॉस-टू-युनिक्स (ओळींचे शेवट बदलणारी कमांड) मारत बसण्यापेक्षा सिगविनच्याच गिटनं परत क्लोन करा, टारबॉल (सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाइल) असेल तर सिगविनच्याच टारनं उघडा.

एका गोष्टीत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. विंडोजचं युजरनेम म्हणजे नाव, स्पेस, आडनाव, आणि होम फोल्डर त्याच नावाचं, मेक (कॉन्फिगरनंतर प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) त्या स्पेसवरच तुटत होतं आणि मी कोडमध्ये चूक शोधत होतो. सोर्स स्पेस नसलेल्या फोल्डरमध्येच ठेवा.

उन्हाळ्यात लाइट गेली आणि बिल्ड मध्येच तुटलं तर पहिल्यापासून करू नका, शेवटची अर्धवट ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलीची कंपाइल झालेली फाइल) उडवून मेक परत द्या, उरलेलंच होतं.

तयार ईएक्सई दुसऱ्या पीसीवर न्यायची असेल तर सिगविनची डीएलएल सोबत लागते, अजून कुठल्या लागतात ते सिगविनचीच सिगचेक कमांड सांगते.

तरी अडलं तर कॉन्फिग-लॉगमध्ये (कॉन्फिगर आपली नोंद ठेवतं त्या फाइलीत) जिथं पहिला फेल दिसतो तिथल्या वीसेक ओळी इथं टाका, मी बघतो.