‘कंटेनर बी केप्ट’ ही टायपिंगची चूक नाही

प्रश्न : नानासर, नमस्कार. मी रावेर तालुक्यातली. आमच्या केळी उत्पादक गटाचा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. आखातात जाणाऱ्या मालाबद्दल मी मेलमध्ये लिहिलं, ‘वुई रिक्वेस्ट दॅट द कंटेनर इज केप्ट ॲट थर्टीन डिग्रीज.’ मुंबईच्या निर्यातदारांनी ‘इज’ खोडून ‘बी’ केलं. माझा भाऊ म्हणतो, टायपिंगची चूक असणार. खालच्या ओळीत ‘दॅट द बॉक्सेस डू नॉट बी स्टॅक्ड अबव्ह द रेड लाइन’ आहे, तेही बघा. आणि ‘इफ आय वेअर यू’मध्ये ‘आय’ला ‘वेअर’ कसं चालतं?

उत्तर : बेटा, निर्यातदारांचं बरोबर आहे. भावाला म्हणावं, जरा दमानं घे.

मराठीत तू ‘कंटेनर तेरा अंशांवर ठेवला जातो, अशी विनंती आहे’ असं लिहिशील का? ‘ठेवावा’ लिहिशील. कंटेनर प्रत्यक्षात किती अंशांवर आहे हे तू सांगतच नाहीस. तो तसा असावा, एवढंच तुझं म्हणणं. (आणि ते रास्तच आहे, त्याखाली गेलं की केळीची साल काळवंडते.) आपल्याकडे हे काम विध्यर्थ करतो, इंग्रजीत सबजंक्टिव्ह. फरक एवढाच, की इंग्रजीत त्याला वेगळा प्रत्यय नाही. क्रियापद शब्दकोशात असतं तसं उघडं ठेवायचं. म्हणून ‘बी केप्ट’. म्हणूनच ‘दे रेकमेंडेड दॅट ही साइन’. मागे ‘रेकमेंडेड’ असूनही ‘साइन्ड’ नाही, आणि ‘ही’ असूनही ‘साइन्स’ नाही. ‘गॉड सेव्ह द किंग’मध्ये ‘सेव्ह’ला ‘एस’ का नाही, तेही यातच आलं.

‘रिक्वेस्ट’, ‘डिमांड’, ‘रेकमेंड’ यांच्यामागे ‘दॅट’ आलं की हे रूप येतं, असं गाइडात छापलेलं असतं. पोरं यादी घोकतात आणि ‘इन्सिस्ट’पाशी अडकतात. समज, तिकडे माल खराब निघाला आणि भरपाईवरून वाद लागला. ‘द ड्रायव्हर इन्सिस्टेड दॅट द बॉक्सेस वेअर ड्राय’ म्हणजे खोकी कोरडीच होती असं ड्रायव्हरने ठासून सांगितलं. ती झाली साक्ष. ‘दॅट द बॉक्सेस बी ड्राय’ म्हणजे खोकी कोरडीच पाहिजेत म्हणून तो अडून बसला; ती झाली अट. एका क्रियापदावर जबाबदारी इकडची तिकडे जाते. ‘सजेस्ट’चंही असंच. तेव्हा यादी सोड, वाक्य काय घडलं ते सांगतंय की काय व्हावं ते, एवढं बघ.

ब्रिटिश लोक याच जागी ‘शुड बी केप्ट’ लिहितात, तेही शुद्धच. उघडं रूप अमेरिकेत जास्त. इंग्लंडात तुझं ‘इज’सुद्धा कुणी कुणी चालवून घेईल, पण व्यापाराच्या कागदात ते नको.

आता ‘वेअर’. ‘आज पैसे असते तर ठिबक बसवलं असतं’ यात गोष्ट आजची, तरी ‘असते’च म्हणतो ना आपण? जे नाही ते धरून चालायचं, तर इंग्रजीही भूतकाळाचं रूप घेते : ‘इफ आय हॅड मनी’. फक्त ‘बी’ या क्रियापदाने ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ सगळ्यांना ‘वेअर’ हे जुनं रूप राखून ठेवलंय. मी कधीच ‘तू’ होणार नाही, म्हणून ‘इफ आय वेअर यू’. बोलताना इंग्रजही ‘इफ आय वॉज यू’ म्हणतात; परीक्षेत ‘वेअर’च लिहावं.

पण ‘इफ’ दिसलं की ‘वेअर’ ठोकायचं, असं करू नकोस. काल ट्रक खरंच उशिरा आला असेल, तर ‘इफ द ट्रक वॉज लेट यस्टर्डे, आस्क द ड्रायव्हर’. उद्या येऊ शकतो, तर ‘इफ द ट्रक इज लेट’.

खालच्या ओळीतलं ‘डू’ मात्र काढ. इथे नकार नुसत्या ‘नॉट’ने होतो : ‘दॅट द बॉक्सेस नॉट बी स्टॅक्ड अबव्ह द रेड लाइन’. भाऊ पुन्हा शंका काढेल. त्याला ‘शुड नॉट बी स्टॅक्ड’ लिहून दे, तेही चालतं.