‘मला काय सुधरंना’ : हे ‘सुधारणे’ नव्हे!

प्रश्न असा : साताऱ्याकडच्या साठीपुढच्या एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) रुग्णांच्या मुलाखतींत ‘औषध चालू हाय, पर मला काय सुधरंना’ असं वाक्य येतं. फॉर्मवर ‘सुधारणा नाही’ लिहावं का? आणि ‘कॉग्निटिव्ह फंक्शनिंग’ला (विचार, स्मरण, आकलन यांचं काम) मराठीत काय म्हणावं?

‘सुधारणा नाही’ अजिबात लिहू नका. डॉक्टर ते ‘औषध लागू पडलं नाही’ असं वाचणार, आणि रुग्णाने तसं म्हटलेलंच नाही. सातारा-सांगलीकडे दोन ‘सुधरणे’ आहेत. ‘पोरगं सुधरलं’ यात पोरगं कर्ता. ‘मला सुधरंना’ यात ‘मला’ येतं, जसं ‘मला सुचंना’, ‘मला आठवंना’. विभक्तीच बदलली, तरी हे ‘सुधारणे’चंच अकर्मक रूप म्हणून सांगणारे लोक ही वाक्यं कधी कान देऊन ऐकतात की नाही, कोण जाणे.

माझ्या मते याचं मूळ ‘शुद्धी’त आहे, पण स्वच्छतेच्या अर्थाच्या नव्हे. रामकथेतली सीताशुद्धी आठवा : सीतेचा शोध, तिचा ठावठिकाणा. ‘शुद्धीवर येणे’, ‘बेशुद्ध’, ‘सुधबुध हरपणे’ हे सगळे याच घरातले. शुद्धी, सुद्धी, सुध. पुढे ‘सुध धरणे’. लगत आलेल्या दोन ‘ध’पैकी एक गळाला आणि ‘सुधरणे’ उरलं, जसं ‘नाक-कटा’चं ‘नकटा’ झालं. मधला ‘र’ नुसता प्रत्यय आहे असं कुणी म्हणेल. मग असा ‘र’ लागलेली, ‘मला’ घेणारी आणखी चार क्रियापदं त्यांनी दाखवावीत. तोवर मी ‘धरणे’ सोडणार नाही. ‘मला सुधरंना’ म्हणजे मला ठिकाणा लागंना, धागा हाती येईना.

शेवटचा ‘-ना’ही बघा. ‘दार उघडेना’, ‘गाडी चालू होईना’ : प्रयत्न चाललाय, पण घडत नाही. म्हणून एमएसमधल्या या तक्रारीला ‘स्मृतिभ्रंश’ म्हणणं मला सर्वांत जास्त खटकतं, आणि आरोग्यविषयक लेखांत ते सर्रास दिसतं. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं, संदेश रेंगाळतात, आणि बहुधा आधी मंदावतो तो विचाराचा वेग. ‘स्मृतिभ्रंश’ म्हटलं की अल्झायमरची औषधं डोळ्यांपुढे येतात. त्यांतलं डोनेपेझिल एमएसमधल्या स्मरणाच्या तक्रारींसाठी तपासून झालंय. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या 120 रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. ‘बुद्धिमांद्य’ तर साफ चूक, ती जन्मापासूनची किंवा बालपणातली अवस्था.

वेग मोजायची चाचणी साधी आहे. नऊ चिन्हं, प्रत्येकाला एक अंक. वर दिलेली जोडी बघत 90 सेकंदांत जमतील तेवढे अंक सांगायचे. हात थरथरत असेल तर तोंडी घ्या, नाहीतर हाताचा दोष डोक्याच्या नावावर जमा होतो. चष्मा लावायला सांगा. उन्हाळ्यातल्या दुपारी घेऊ नका : अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात. गोळ्यांची यादीही मागा. लघवीच्या घाईसाठी दिलेलं ऑक्सिब्युटिनिन किंवा ताठरपणासाठीचं बॅक्लोफेन म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड करू शकतं. नैराश्य आणि थकवा यांचीही चौकशी करा.

शिवाय एमएसच्या मुख्य औषधांचं काम नवे झटके (म्हणजे लक्षणं अचानक उफाळणं) रोखणं, गेलेला वेग परत आणणं नव्हे. 55च्या पुढच्या, बराच काळ झटका न आलेल्या रुग्णांमध्ये औषध थांबवून पाहणाऱ्या 2023च्या चाचणीत थांबवलेल्यांपैकी 12.2 टक्क्यांना आणि चालू ठेवलेल्यांपैकी 4.7 टक्क्यांना नवा झटका किंवा एमआरआयवर नवा डाग आला. ‘सुधारणा नाही’ या दोन शब्दांवरून कुणी औषध बंद केलं तर?

म्हणून फॉर्मवर रुग्णाचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं लिहा आणि त्यालाच विचारा : ‘सुधरंना म्हंजी काय हुतंय? नाव आठवंना, हिशेब जुळंना, का समोरचा बोलतोय ते ध्यानात यायला येळ लागतोय?’ तिसरं असेल तर ‘विचाराचा वेग मंदावला’ असं लिहा.

‘कॉग्निटिव्ह’साठी पाठ्यपुस्तकात ‘बोधनिक’ आहे. अहवालात चालेल, रुग्णापुढे नको.