माइक दोन बोटं सरकवून बघा

प्रश्न : मी घरीच गिटार रेकॉर्ड करतो. १२ इंची स्पीकरचा कॉम्बो अ‍ॅम्प (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. शुअर एसएम ५७ माइक जाळीला टेकवून बरोबर मधोमध लावतो. खोलीत आवाज भरदार वाटतो, पण रेकॉर्डिंगमध्ये कानाला टोचतो. ईक्यूने (इक्वलायझरने) तीक्ष्ण सुरांचा वरचा भाग कापला की सगळाच मंद होतो. वेगळा माइक घेऊ, की जोडीला अजून एक?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही नको. हा माइक १९६५ सालापासून गिटारच्या स्पीकरसमोर उभा आहे. खोट त्याच्या जागेत आहे.

एक सांगा, वाजवताना तुमचा अ‍ॅम्प कुठे असतो? बहुधा जमिनीवर, आणि तुम्ही उभे. म्हणजे स्पीकर तुमच्या गुडघ्यांकडे तोंड करून वाजतो. १२ इंची कोनातून, म्हणजे स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्यातून, साधारण १,००० हर्ट्झच्या वरचा आवाज जसजसा उंच सुराचा होतो तसतसा टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो, बाजूला फारसा पसरत नाही. तो झोत तुमच्या कानांखालून निघून जातो आणि माइक मात्र नेमका त्याच्या तोंडाशी बसलेला. आवाज अगदी हळू ठेवून एकदा जमिनीवर बसा आणि कान स्पीकरच्या उंचीला आणा. टोचणारा आवाज तिथेच सापडेल.

आता जाळीच्या कापडावर टॉर्च मारून स्पीकर नीट पाहा. हे मी मुद्दाम सांगतोय. माझ्याकडे आलेल्या एका कॉम्बोत स्पीकर पेटीच्या मधोमध नव्हताच, एका बाजूला बसवलेला होता, आणि आम्ही अर्धी दुपार कोनाची कड रेकॉर्ड करत होतो. तेव्हापासून मी जाळीवर कागदी टेप लावतो आणि कोनाच्या मधल्या गोल टोपीची कड पेन्सिलीने आखून घेतो. माइक त्या रेषेवर आणा. टोपीच्या मध्यावर आवाज सर्वांत तीक्ष्ण, कोनाच्या बाहेरच्या कडेकडे जाल तसा गडद. ही रेषा मला गिटारसाठी सर्वांत भरवशाची वाटते. तिथून एकेक बोट सरकवत प्रत्येक वेळी तालाची तीच चार आवर्तनं वाजवा, रेकॉर्ड करा आणि टेपवर खूण करा. अ‍ॅम्पच्या बटणांना हात लावू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

जाळीला टेकवलेल्या माइकमध्ये खर्जही फुगतो, कारण एका दिशेने ऐकणारे माइक जवळच्या आवाजाचा खर्ज वाढवतात. पाच सेंटिमीटर मागे घेतलात तर तो उतरतो. माइक तिरका केल्यानेही धार थोडी कमी होते, पण जागा बदलण्याइतका फरक त्याने पडत नाही.

दुसऱ्या माइकचं म्हणाल, तर तो पहिल्यापेक्षा १७ सेंटिमीटर मागे राहिला की त्याच्यापर्यंत आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही सारख्याच पातळीवर मिसळले की १,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांत विरून जातो, आणि गिटारचा जीव तर तिथेच असतो. आधी एका माइकची जागा पक्की करा. दुसरा लावायची वेळ आली, तर दोघांची तोंडं स्पीकरपासून सारख्या अंतरावर ठेवा आणि एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवून ऐका. उलटवल्यावर आवाज पोकळ झाला, तर तुमची मांडणी बरोबर आहे.